न तुटणारा आकडा

आमच्या घरात माणसं तीन आणि आकडा एक. सात कोटी एकोणचाळीस लाख एकोणचाळीस हजार एकशे तेहेतीस. घाई न करता म्हणून बघा. हिंगणघाटची एसटी गावाजवळच्या वळणावर जशी डुलत येते, तसा तो तोंडातून डुलत बाहेर येतो. मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा वांगी चिरत होते आणि मला वाटलं, कुणाच्या तरी इस्टेटीची गोष्ट निघाली आहे.

आकडा घरात आणला आमच्या आकांक्षानं. ती वर्ध्याला गणित घेऊन बी.एस्सी. करत होती आणि शनिवारी समुद्रपूरला घरी यायची. शहाण्णव सालची ही गोष्ट. पुढच्या खोलीत आमचं किराण्याचं दुकान, मागे आमचं बिऱ्हाड. तिचे वडील, म्हणजे आमचे हे, गल्ल्यावर बसायचे. त्यांना सारं गाव अण्णाजी म्हणायचं. मी नवऱ्याचं नाव घेत नाही, त्यामुळे ही गोष्ट सांगताना मलाही अण्णाजीच सोयीचं.

त्या शनिवारी तिनं दुकानाच्या फळीवर खडूनं लिहिलं : ७३९३९१३३.

"बाबा, याले कशानंच भाग जात नाई," ती म्हणाली. "मूळ संख्या आहे. आता शेवटचा तीन पुसा."

अण्णाजींनी अंगठ्यानं तीन पुसला.

"जो उरला त्यालेही कशानंच भाग जात नाई. अजून एक पुसा."

पुसला. त्यालाही नाही. असं करत करत फळीवर त्र्याहत्तर उरले आणि मग नुसता सात. मागचं शेपूट कितीही तोडा, उरलेला आकडा प्रत्येक वेळी अखंडच. आणि या जातीच्या आकड्यांमध्ये हाच सगळ्यांत मोठा, याच्यापुढे एकही नाही, असं कॉलेजच्या सरांनी सांगितलं होतं.

अण्णाजी कितीतरी वेळ त्या साताकडे बघत राहिले. एक बाई साबणाची वडी मागत उभी होती, तिला त्यांनी मिठाची पुडी दिली. ती तीच घेऊन गेली. आमच्या गिऱ्हाइकांना सवय होती.

"सर म्हन्ते ते खरं असंन," रात्रीच्या जेवणाला बसल्यावर ते म्हणाले, "पन सोता पाह्यल्याशिवाय कसं मानाचं?"

झालं. तिथून आमच्या घरात भागाकार सुरू झाला. तो मोठा आकडा खरंच तुटत नाही हे बघायचं तर आठ हजार सहाशेपर्यंतच्या झाडून साऱ्या मूळ संख्यांनी त्याला भागून बघावं लागतं. त्याच्यापुढे बघायची गरज नसते. का नसते, ते त्यांनी मला समजावून सांगितलं होतं आणि मी हो म्हटलं होतं. पुड्या बांधायच्या रद्दीच्या कोऱ्या कडांवर ते भागाकार मांडायचे आणि गिऱ्हाईक आलं की त्याच कागदात साखर बांधून द्यायचे. समुद्रपुरातल्या किती घरांत आमच्या ह्यांचे भागाकार चुलीत गेले असतील, त्याला मोजमाप नाही.

मी चिडायची. कुणाचा नवरा पितो, कुणाचा पत्ते कुटतो, तिची कुणीतरी कीव करतं. माझा नवरा भागाकार करतो, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? त्यांना रागवावं तर ते माझ्याकडे असे बघायचे की जणू मी दूरच्या गावाहून आत्ताच आले आहे आणि ते मला कुठेतरी बसायला जागा करून देणार आहेत. मग रागही धड येत नसे.

दुपारी दुकान शांत असलं की ते पोत्यांना टेकून झोपत. समुद्रपुरात थंडीतल्या दुपारी कापसाच्या गाड्या जिनिंगकडे जातात आणि कापसाचे पुंजके हवेत तरंगत राहतात. ते दुकानात येत, तराजूवर बसत, त्यांच्या मिशीवर बसत. अशाच एका दुपारी जागे झाले आणि मला म्हणाले, "अवं, मले एक सपन पडून राह्यलं. रोजच पडते."

"काय पडते?"

"मी एसटीत बसलो हाओ. दर थांब्यावर एक जन उतरते. पन गाडी खाली झाली असं वाटतच नाई. सारे उतरून गेले तरी गाडी भरलेलीच राह्यते."

"अन् मी कुठं उतरते?"

त्यांनी खरंच आठवून बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. "तू त दिसली नाई बावा," ते म्हणाले.

हे मला लागलं. आज हसू येतं, पण तेव्हा लागलं होतं. पंचवीस वर्षं मी त्या माणसाच्या ताटात वाढत होते, आणि त्याच्या स्वप्नातल्या गाडीत मला उभं राहायलाही जागा नव्हती. त्या संध्याकाळी मी भाजीत मीठ टाकलं नाही. त्यांना ते समजलंही नाही.

मोठा आकडा काही तुटला नाही, जसा तुटणार नव्हताच. मग अण्णाजींनी दुसरं खूळ घेतलं. सर म्हणतात याच्यापुढे नाही, म्हणजे शेवटी आणखी एक आकडा जोडला तर तो तुटायला पाहिजे. कशानं तुटतो ते बघू. दोन, चार, सहा, आठ किंवा शून्य जोडलं तर दोननं तुटतो, पाच जोडला तर पाचनं. एक किंवा सात जोडला तर आकड्यांची बेरीज करून लगेच कळतं, तीननं तुटतो. राहिले तीन आणि नऊ. हे दोघं मात्र चिवट निघाले.

सत्त्याण्णवच्या वैशाखात मी परसात चुलीवर मोठ्या गंजात गव्हाचा चीक शिजवत होते. ज्यांनी घरी कुरडया केल्या आहेत त्यांना सांगायला नको, चीक शिजताना हात थांबला की गाठी होतात आणि गंजाच्या बुडाला लागतो. अण्णाजी दुकानातून पळत आले. दुकानात गिऱ्हाईक तसंच उभं.

"अवं, तीनवाला तुटला. एकशे सत्तावीसनं तुटला."

"तुटला त तुटला. हा चाटू घ्या अन् हालवत राहा, मले सोऱ्या धुवाचा आहे."

त्यांनी चाटू घेतला. मी सोऱ्या धुऊन आले तर हे उभे, डोळे आंब्याच्या शेंड्याला लागलेले, चाटू गोल गोल फिरतो आहे, पण वरच्यावर. तोंडानं मंत्र चाललेला, एकशे सत्तावीस, एकशे सत्तावीस. आणि खालून जळका वास. मी चाटू हिसकावला. मला खूप रागवायचं होतं, पण त्यांच्या चेहऱ्यावर पाचवीत पास झालेल्या पोराचा आनंद होता आणि मला हसू फुटलं. मग तेही हसायला लागले. आम्ही दोघं त्या चुलीपाशी धुरात उभे राहून असे हसलो की दुकानातलं गिऱ्हाईक आत डोकावून गेलं.

"लागला तुमचा एकशे सत्तावीस बुडाले," मी म्हटलं.

त्या वर्षीच्या साऱ्या कुरडयांना काळे ठिपके आले. तळली की ताटात ठिपका दिसायचाच. अण्णाजी ती उचलून मला दाखवायचे. "हा पाह्य, एकशे सत्तावीस." पुढच्या वर्षी कुरडया पांढऱ्याशुभ्र झाल्या आणि ती थट्टा संपली. आकांक्षा लग्न होऊन नाशिकला गेली. नऊवाला काही त्यांना तुटेना. त्यांनाही घाई नव्हती.

दोन हजार पाचच्या दिवाळीनंतर, सकाळी दुकानाच्या फळ्या काढताना अण्णाजी खाली बसले आणि उठलेच नाहीत. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. वर्ध्याच्या दवाखान्यात ठेवलं, मग घरी आणलं. दुकान आणि आतली खोली यांच्यामधल्या दाराशी मी त्यांची खाट टाकली, म्हणजे गिऱ्हाईक करता करता नजर राहते. घरी आल्यावर काही दिवसांनी त्यांच्या तोंडून पहिला शब्द आला.

"सात."

मला वाटलं आता बोलू लागतील. पण तो एकच शब्द. चहा पाहिजे का? सात. पाय दुखतो का? सात. आकांक्षा नाशिकहून धावत आली, तिच्या गालावरून त्यांनी डावा हात फिरवला आणि म्हणाले, सात. ती मोरीत जाऊन रडली.

गावानं त्या साताचे अर्थ लावायला घेतले. शेजारची शकुबाई म्हणाली, यांनी केळझरच्या गणपतीला सात मंगळवार बोलले असतील आणि विसरले असतील. तिनंच सात धान्यं आणून त्यांच्यावरून उतरवली आणि ती आमच्याच दुकानातून उधार नेली होती, हे मला नंतर ध्यानात आलं. कुणी म्हणालं, सात तारखेला जपा. सात तारीख आली आणि गेली. तीन वेळा आली आणि गेली.

वर्ध्याच्या डॉक्टरांना मी विचारलं. भला माणूस होता, मला खुर्ची दिली. म्हणाले, मेंदूला असा मार बसला की कधीकधी एखादाच शब्द मागे राहतो. घड्याळ बंद पडताना काटा जिथे असेल तिथे राहतो तसा. त्यात अर्थ शोधू नका, बाई. आत किती समजतं आहे, ते आज सांगता येणार नाही.

परतीच्या एसटीत मी खिडकीशी बसले. ऊन कलतं होतं, तुरीची शेतं मागे जात होती आणि मला अर्धवट डुलकी लागली. थांब्याथांब्यावर माणसं उतरत होती. डोळे मिटल्या मिटल्या मला दुकानाची फळी दिसली आणि त्यावरून फिरणारा अंगठा. तीन पुसला. तीन पुसला. एक पुसला. नऊ, तीन, नऊ, तीन. मागे काय उरतं? मी ताडकन जागी झाले. मला डॉक्टरांचा राग आला, शकुबाईचा आला, सगळ्यात जास्त माझाच आला. पंचवीस नाही, आता पस्तीस वर्षांची संगत, आणि सात म्हटल्यावर मला तो आकडा आठवू नये?

पण आठवून काय झालं? सात उरला होता, हे कळलं. तो म्हणणारा माणूस आत उरला आहे का, हे कुठे कळलं होतं? मला तेवढंच पाहिजे होतं. पाय सरळ झाले नाहीत तरी चालेल, बोलले नाहीत तरी चालेल. आत कुणी आहे का, आणि जो आहे तो मला ओळखतो का, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकान शांत झाल्यावर मी खाटेशी जाऊन बसले. कापसाचे पुंजके आत येत होते. एक त्यांच्या उशीवर बसला.

"सात," ते म्हणाले.

"हो, सात. सात काई तुटत नाई. अन् एकाहत्तर? एकाहत्तर तुटते का हो?"

त्यांचे डोळे माझ्यावर आले. डावा तळवा त्यांनी आडवा धरला, हवेत, स्थिर. नाही.

"सत्त्याहत्तर?"

तळवा उभा झाला आणि सुरीसारखा खाली आला. तुटतो. अकरा सत्ते सत्त्याहत्तर, हे मलाही येतं. मी खाटेच्या आणखी जवळ सरकले. पण म्हटलं, पाढे पाठ असतील, त्याला काय? पोपटालाही असतात. मग मी मनानंच एक आकडा घेतला, ज्याचं उत्तर मलाही माहीत नव्हतं.

"सातशे एकतीस?"

ते छताकडे बघत राहिले. बाहेरून एक बैलगाडी गेली. एक पोरगं बिस्किटाचा पुडा घेऊन गेलं. मला वाटलं विसरले. आणि मग तळवा खाली आला. तुटतो.

मला काही तो तुटण्यासारखा दिसेना. मी रद्दीचा कागद घेतला, पेन्सिल घेतली आणि सातवीपर्यंत शिकलेला भागाकार मांडला. तीननं जाईना, सातनं जाईना, अकरानं, तेरानं जाईना. मनात म्हटलं, चुकले हो अण्णाजी. मग सतरानं भागलं. त्रेचाळीस वेळा गेला आणि खाली शून्य.

मी आकांक्षाला फोन लावला. "तुझे बाबा आत आहेत," एवढंच मला बोलता आलं. ती तिकडे रडत होती, मी इकडे. शकुबाईलाही सांगितलं. तिनं सात धान्यांचा गुण म्हणून सांगितलं आणि मी वाद घातला नाही.

पण खरं सांगते, दोन दिवसांत माझा आनंद आंबला. आत आकडे होते, हे सिद्ध झालं. मी होते का? मी आमच्या लग्नाचा फोटो दाखवला. सात. मी विचारलं, "मी कोन आहो?" सात. त्यांना पुसत होते, भरवत होते, कूस बदलून देत होते, आणि ते माझ्याकडे शांत डोळ्यांनी बघायचे, दवाखान्यातल्या नर्सकडे बघावं तसे. सातशे एकतीस ओळखीचा आणि मी, देवकाबाई, अनोळखी, असा विचार मनात आला की मी ताट बाजूला सारत असे. आकड्याची सवत करून घेणारी मी जगातली एकटीच असेन.

वैशाख आला. मी कुरडया करणार नव्हते, कुणासाठी करायच्या? पण आकांक्षा पोरांना घेऊन येणार होती, तिला पाहिजेत. गहू भिजवले, वाटले, चीक काढला. शकुबाईच्या मुलाला हाताशी घेऊन अण्णाजींची खाट परसात आंब्याच्या सावलीत आणली आणि चूल पेटवली. ऊन मी म्हणत होतं. चाटू फिरवता फिरवता खांदा भरून आला. झाडाखाली ते डोळे मिटून पडले होते आणि मला उगाचच त्यांचा राग येऊ लागला. एवढी शांत झोप कशी लागते माणसाला?

"अहो," मी मोठ्यानं म्हटलं. "तुमच्या त्या मोठ्या आकड्याले शेवटी तीन जोडला त काय होते?"

डोळे उघडले. तळवा वर गेला आणि खाली आला. तुटतो.

"कशानं?"

हे मी नुसतं तोंडातून निघालं म्हणून विचारलं. याचं उत्तर त्यांना देता येणार नाही, हे मलाही ठाऊक होतं. तुटतो आणि तुटत नाही, एवढंच तर आमचं बोलणं होतं.

त्यांनी डावा हात वर केला. एक बोट दाखवलं. मिटलं. मग दोन बोटं दाखवली. मिटली. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि ओठ जुळवून, सावकाश, तो शब्द त्याच्या जागेवर ठेवला.

"सात."

मी चाटू धरून तशीच उभी. एक, दोन, सात. एकशे सत्तावीस. त्यांचा हात अजून वरच होता. आता त्याची मूठ झाली, काहीतरी धरल्यासारखी, आणि ती हवेत फिरू लागली. गोल, गोल, वरच्यावर. डोळे आंब्याच्या शेंड्याला लावले होते त्यांनी, मुद्दाम. मग ते डोळे माझ्याकडे वळले आणि तोंडाची जी अर्धी बाजू हसू शकत होती, ती हसली.

मी त्यांच्या खाटेपाशी खाली बसले आणि त्यांच्या डाव्या हातात तोंड घालून रडले. दिवसाढवळ्या, परसात, शकुबाईच्या मुलासमोर. ते माझ्या डोक्यावर हनुवटी टेकवायचा प्रयत्न करत होते आणि ते जमत नव्हतं. मी त्यांच्या स्वप्नातल्या त्या गाडीत होते. कुठल्याच थांब्यावर उतरले नव्हते, म्हणून त्यांना दिसले नसेन.

"काकू, जळून राह्यलं," तो मुलगा म्हणाला.

"जळू दे," मी म्हटलं.

आता दुपारी मी रद्दीच्या कडेवर नऊवाल्याला भागते आणि ते खाटेवरून बघतात. माझा हातचा चुकला की तळवा आपटतात. तो अजून तुटलेला नाही. यंदाच्या कुरडयांना काळे ठिपके आले ते आलेच. ताटात वाढली की ते डाव्या हातानं एक उचलतात आणि ठिपका माझ्याकडे करून धरतात, मी हो म्हणेपर्यंत.